तडकलेलं स्टीअरिंग: जुन्या गाडीचं चाक घरच्या घरी कसं सांधायचं

जुन्या गाडीचं स्टीअरिंग बहुतेक वेळा ठरलेल्या जागी तडकतं. आरा कड्याला जिथे मिळतो तिथे, दोन्ही अंगांना, बोटभर अंतरावर. त्यानंतर दोन आऱ्यांच्या मधोमध, आणि सगळ्यात शेवटी हबभोवती, म्हणजे चाकाच्या मधल्या धातूच्या भागाभोवती. प्रीमियर पद्मिनी असो, तिच्या आधीची फियाट ११०० असो, अ‍ॅम्बॅसिडर असो वा विलीज जीप, हा क्रम फारसा चुकत नाही. त्यामागचं कारण समजून न घेता भेगेत काहीतरी लिंपलं, तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत तीच भेग त्याच जागी पुन्हा उघडते.

या चाकांच्या आत पोलादी सळीचा सांगाडा असतो आणि त्यावर कडक रबर किंवा कडक प्लॅस्टिक ओतलेलं असतं. दोघांचं उष्णतेशी वागणं वेगळं. कडं ४० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचा परीघ साधारण १२५ सेंटिमीटर होतो. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डजवळचं तापमान ६० अंशांवर सहज जातं आणि पहाटे ते २०-२५ पर्यंत उतरतं. चाळीस अंशांच्या या फरकात पोलादाचा परीघ जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर बदलतो. वरचं आवरण मोकळं असतं तर चार-पाच मिलिमीटर बदललं असतं, पण आत सळी असल्यामुळे त्याला हलता येत नाही. त्यातच प्लॅस्टिक लवचीक ठेवणारे घटक वर्षानुवर्षं उडून जातात आणि आवरण कायमचंच थोडं आक्रसतं. आक्रसलेलं आवरण न आक्रसणाऱ्या सळीवर ताणलं जातं आणि सगळ्यात जास्त अडकलेल्या जागी, म्हणजे आऱ्यापाशी, तुटतं.

म्हणून तडा हा वरचा ओरखडा समजू नका, तो सळीपर्यंत गेलेला असतो. दुरुस्तीही सळीपासूनच सुरू करावी लागते.

आधी ठरवा: दुरुस्त करायचं की नाही

स्टीअरिंग ही शोभेची वस्तू नाही. पुढच्या तीन गोष्टींपैकी एक जरी आढळली तरी चाक दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. पहिली, हबच्या धातूला किंवा त्यातल्या स्प्लाइनच्या दात्यांना (चाक दांड्यावर घट्ट बसवणाऱ्या खाचांना) तडा. दुसरी, आऱ्याची सळी हबला किंवा कड्याला जिथे जोडली आहे तिथला जोड सुटलेला. तिसरी, गंजाने सळी खाल्लेली, म्हणजे टोच्याने कोरल्यावर पापुद्रे निघतात आणि सळी शेजारच्या भागापेक्षा बारीक दिसते. इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं चिकटवण) आवरण सांधते, वजन पेलत नाही. सळीला वेल्डिंग मारून वर इपॉक्सी फासण्याचा उद्योग कुठे कुठे चालतो. जोराने वळवताना हातात तुटून येणारं चाक असंच तयार होतं.

तपासणी सोपी आहे. चाक गाडीवरच असताना कडं दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा, पुढे ढकला, पिळा. कुरकुर ऐकू आली किंवा आरा हलला तर सांगाडा सुटलाय. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुनं शाबूत चाक शोधणं, एवढाच मार्ग उरतो.

आता आवरण कशाचं आहे ते पाहा. पद्मिनीच्या दीर्घ आयुष्यात (कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघत होती, पद्मिनी हे नाव १९७४ चं) कुठल्या गाडीवर कधी कुठलं चाक चढलं याचा भरवसा नाही. मधल्या मालकाने बदललेलंही असेल. म्हणून गाडीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका, चाकालाच विचारा. नख दाबलं आणि खूण उमटली तर ते मऊ फोम किंवा मऊ पीव्हीसी आहे, हा लेख त्याच्यासाठी नाही. नख उमटलं नाही तर मागच्या न दिसणाऱ्या जागी १२० नंबरचा सँडपेपर दहा-पंधरा वेळा जोरात घासा आणि लगेच वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते कडक रबर, म्हणजे एबोनाइट. ते मुळात काळं असतं, पण उजेडाने तपकिरी-हिरवट पडतं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सेल्युलोज अ‍ॅसिटेट. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, आणि तिथे ग्राइंडर, ड्रिल, हीट गन सगळं बाजूला ठेवा. ते भडकन पेटतं, फक्त हाताने आणि पाणी लावूनच घासा.

दुसरी चाचणी अ‍ॅसिटोनची. कापसाच्या बोळ्याने मागच्या बाजूला एक थेंब टेका. अ‍ॅसिटेट चिकट होतं, एबोनाइटला काही होत नाही. चिकट झालं तर त्या चाकाला पुढे कधीही थिनरने पुसायचं नाही. बंद खोलीत ठेवल्यावर आंबट वास दाटत असेल तर आवरण आतून कुजायला लागलंय. अशा चाकाची दुरुस्ती होते, पण वर्षा-दोन वर्षांत शेजारी नवा तडा जाणार हे धरून चाला.

चाक काढताना

पुढची चाकं सरळ करून गाडी उभी करा. बॅटरीची अर्थची वायर सोडा, कारण हॉर्नची तार स्टीअरिंगच्या दांड्यातून किंवा त्याच्या शेजारून येते. हॉर्नचं बटण काही चाकांवर दाबून फिरवल्यावर निघतं, काहींवर मागून छोट्या स्क्रूंनी धरलेलं असतं. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटायच्या आधी मागची बाजू टॉर्च लावून बघा. आतली स्प्रिंग, वॉशर, प्लॅस्टिकची टिकली ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा आणि फोटो काढा.

आता मोठा नट गोटी पान्याने ढिला करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. चाक स्प्लाइनवर घट्ट बसलेलं असतं आणि सुटतं तेव्हा झटक्यात सुटतं. नट नसेल तर ते थेट तोंडावर येतं. नट काढायच्या आधी दांड्याच्या टोकावर आणि हबवर समोरासमोर एकेक पंचाची खूण मारा.

चाक निघत नसेल तर दोन पायांचा पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावा. पुलरचे पाय हबच्या धातूला अडकवा, आऱ्यांना नाही. गॅरेजमध्ये सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे एकाने कडं ओढायचं आणि दुसऱ्याने दांड्यावर हातोडा मारायचा. तो मार थेट खाली स्टीअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर जातो आणि तिथला खेळ वाढतो. त्याऐवजी स्प्लाइनवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. बहुतेक पद्मिनींत गिअरचा दांडाही याच कॉलमवर, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याभोवतीच्या नळीवर असतो, ओढाओढीत त्याला आधार म्हणून धरू नका. हबच्या मागे इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी असते, ती मोडकी-झिजकी आहे का हेही आत्ताच पाहून घ्या.

काय काय लागेल

सहा ते आठ तडे असलेल्या चाकाचा हिशेब असा: प्रत्येक तड्याची खाच वर ६ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर खोल आणि कड्याभोवती पूर्ण फिरली तर साधारण ७५ मिलिमीटर लांब. म्हणजे एका खाचेत साधारण सव्वा घन सेंटिमीटर माल जातो. आठ तड्यांना दहा, आणि जास्तीचा भरून नंतर घासायचा असल्यामुळे वीस. तुटून पडलेले टवके वेगळे. अ‍ॅराल्डाइट स्टँडर्डचं ९० ग्रॅमचं पाकीट पुरून उरतं.

अ‍ॅराल्डाइटचं स्टँडर्डच घ्या, पाच मिनिटांत सुकणारं नको. झटपट इपॉक्सी सुकल्यावरही उष्णतेत लवकर मऊ पडतं, त्याला ओल लागते आणि खाचेच्या तळाशी भिनायला त्याला वेळच मिळत नाही. फेव्हिक्विकसारखी चिकटवणी ठिसूळ असतात, त्यांना ताण सोसत नाही. कारच्या बॉडीला लावतात ती पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) तर अजिबात नको. ती आक्रसते, ओल शोषते आणि एबोनाइटला धड धरत नाही. पेंटरकडे चाक दिलं की बहुधा तो हीच भरतो. दोन दिवसांत काम होतं, चकाचक दिसतं आणि दिवाळीपर्यंत उलतं. मोठे टवके उडाले असतील तिथे एम-सील चालतं, पण कसं ते पुढे येईल.

बाकी सामान: घट्टपणा आणायला एरोसिल, म्हणजे सिलिकाची अतिहलकी पूड. ती फायबरग्लासचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत चौकशी करा. नाही मिळाली तर बिनवासाची संगजिऱ्याची पूड. हॅक्सॉ ब्लेड, तिकोनी कानस, अर्धगोल कानस, उंदीरशेपटी गोल कानस, टोच्या, तारेचा ब्रश, २ मिलिमीटरचं ड्रिल बिट. ही हत्यारं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पेपर ८०, १२०, २२० नंबरचे कोरडे आणि ४००, ६०० नंबरचे वॉटर पेपर. आयसोप्रोपिल अल्कोहोल, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक, ब्राउन टेप, रबरी हातमोजे, आणि धूळ अडवणारा चांगला मास्क. एबोनाइटची धूळ नाकात गेली की घरभर जळक्या टायरचा वास येत राहतो. तेव्हा हे काम गच्चीत किंवा अंगणात करा.

धुणं

चाक भांड्यांच्या साबणाच्या थंड पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासा. गरम पाणी नको, एबोनाइट त्याने आणखी तपकिरी पडतं. चाळीस-पन्नास वर्षांचा तळव्यांचा घाम, तेल आणि मुख्य म्हणजे डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन या चाकावर बसलेलं असतं. रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात ते याच सिलिकॉनने, आणि मग कितीही कोट मारले तरी ते भरत नाहीत. म्हणून साबणाने दोनदा धुऊन, दिवसभर सुकवून, मग अल्कोहोलने पुसा. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की सुकायच्या आत कोरड्याने उचला, नाहीतर घाण फक्त जागा बदलते. हे पेपर लावायच्या आधी करायचं, नंतर नाही. घासताना सिलिकॉन ओरखड्यांत आणखी खोल जातं.

याच टप्प्यावर शाबूत भागाची नक्कल घेऊन ठेवा. कड्याचा छेद कुठेही पूर्ण गोल नसतो. पुठ्ठ्याचा तुकडा कापून कड्यावर बसेल असा साचा करा, एक कड्यासाठी, एक मागच्या बोटांच्या खाचांसाठी. कानस चालवताना हा साचा नसला की दुरुस्त जागा फुगीर तरी होते नाहीतर बसकी, आणि गाडी चालवताना तळव्याला ती दर वळणावर कळते.

खाच उघडणं

या कामात घाई करणाऱ्याचं सगळं पुढचं काम वाया जातं. केसासारखा तडा असला तरी तो पूर्ण उघडायचा, सळी दिसेपर्यंत. आधी हॅक्सॉ ब्लेडने तड्याच्या रेषेत सळी लागेपर्यंत कापा. मग तिकोनी कानशीने दोन्ही कडा उतरत्या करा, म्हणजे वर पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि तळाशी दोन मिलिमीटर अशी खाच होईल. तळाशी टोच्याने दोन्ही बाजूंना किंचित आत कोरून घ्या. माल त्या कोरीत अडकतो आणि ओढला गेला तरी उपटत नाही.

तडा कड्याला पूर्ण वळसा घालत नसेल तर तो जिथे संपतो त्याच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे २ मिलिमीटरचं भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो पसरतो आणि तडा पुढे पळत नाही. तडा नेमका कुठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी अल्कोहोल लावा आणि पुसून टाका. तड्यात शिरलेलं अल्कोहोल उशिरा सुकतं आणि काळी रेषा उमटते. रेषेचं शेवटचं टोक तेच तुमचं भोक.

डाय ग्राइंडर वापरायचा तर सगळ्यात कमी वेगात. वेगात एबोनाइट जळतं, अ‍ॅसिटेट वितळून खाचेच्या भिंतीवर गुळगुळीत लेप बसतो आणि त्या लेपाला इपॉक्सी धरत नाही. खाचेच्या भिंती खरबरीत हव्यात. शेवटी ८० नंबरच्या पेपरची घडी खाचेतून ओढा.

सळीवर गंज असेलच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आवरण आतून फुगून तडकलेलं असण्याचीही शक्यता असते. ब्रशने आणि टोच्याने पापुद्रे काढा, सळी चमकेपर्यंत घासा. खोबणीतला उरलेला गंज कापसाच्या काडीने गंजरोधक लावून मारा, बाटलीवर सांगितलेली वेळ झाली की ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा आणि पूर्ण सुकू द्या. आम्लाचा पांढरट थर उरला तर इपॉक्सी त्या थराला चिकटेल, सळीला नाही. सळी साफ झाल्यावर त्याच दिवशी भरा. कोकणपट्टीच्या हवेत तर उघडं लोखंड रात्रीत पुन्हा तांबूस होतं.

भरणं, आणि ते कधी

चाक गार असतं तेव्हा आवरण सर्वांत आक्रसलेलं असतं आणि खाचा सर्वांत रुंद. त्या वेळी भरलं तर दुपारी गरम होताना आवरण फुगतं आणि भरलेला माल दाबला जातो. दाब इपॉक्सीला चांगला सोसतो. उलट दुपारच्या उन्हात भरलं तर रात्री गार होताना आवरण दोन्हीकडून मालाला ओढतं, आणि ओढ लागली की जोड कडेने सुटतो. म्हणून भरायचं ते सकाळी, सावलीत, चाक रात्रभर त्याच खोलीत ठेवून. वीस-पंचवीस अंशांची हवा उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा हंगाम, आणि पावसाळ्यात ते मुळीच काढू नका.

अ‍ॅराल्डाइटचे दोन्ही भाग आकारमानाने सारखे किंवा वजनाने १० ला ८ असे घ्या. छोटा डिजिटल काटा असेल तर वजनानेच घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने हार्डनर जास्त पडला तर माल कायमचा चिवट, रबरासारखा राहतो आणि नंतर पेपर त्यावर घसरतो. नळ्या घट्ट झाल्या असतील तर कोमट पाण्यात पाच मिनिटं उभ्या करा. एका वेळी दहा ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. जास्त माल वाटीत साचला की स्वतःच तापतो आणि आधीच घट्ट होतो. टाइलवर किंवा काचेवर पसरून, कडा खरवडत, तीन मिनिटं कालवा.

पहिला हात पूड न घालता. जुन्या रंगाच्या ब्रशने किंवा टूथपिकने सळीला आणि खाचेच्या दोन्ही भिंतींना पातळ थर चोळून लावा, तळाच्या कोरीतही. हा थर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. तोवर नवा माल कालवा आणि त्यात एरोसिल थोडं थोडं मिसळा. घट्ट चक्क्यासारखा झाला पाहिजे, म्हणजे पट्टीवर घेऊन उलटा धरला तरी गळत नाही. श्रीखंडासारखा ढिला राहिला तर कड्याच्या खालच्या बाजूने ओघळेल. पूड कालवताना मास्क विसरू नका, ती हवेत उडते आणि फुप्फुसाला त्रास देते.

हा माल एका बाजूने दाबत दाबत भरा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. दोन्ही बाजूंनी एकदम भरलं तर मध्ये हवेचा खिसा राहतो आणि घासताना तिथे भोक उघडतं. पृष्ठभागाच्या वर एक-दीड मिलिमीटर फुगीर भरा. मग ब्राउन टेप गुळगुळीत बाजू आत, चिकट बाजू बाहेर, असा एक वेढा द्या आणि टोकं दुसऱ्या टेपच्या तुकड्याने धरा. गुळगुळीत बाजूला इपॉक्सी चिकटत नाही आणि माल जागेवर राहतो. चाक हबमधून दोरीने टांगा, पहिला तासभर दर दहा मिनिटांनी थोडं फिरवा.

मोठा टवका उडाला असेल तिथेही आधी अ‍ॅराल्डाइटचा पातळ हात द्या आणि तो चिकट असतानाच एम-सील सारख्या दोन भागांत मळून त्यावर दाबा. कोरड्या जागेवर नुसतं एम-सील दाबलं तर ते आकार धरतं पण कडेला भिनत नाही, आणि वर्षभरात बिस्किटासारखं आख्खं निघून येतं. बोट पाण्यात बुडवून वरची बाजू सारखी करा.

आता अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. वर कडक लागलं तरी आत पूर्ण झालेलं नसतं, आणि अर्धवट सुकलेलं घासलं तर ते नंतर बसतं आणि जोडाची रेषा रंगातून उठून दिसते. लवकर सुकावं म्हणून उन्हातही ठेवू नका. वर सांगितलेलं गार-गरमचं सगळं गणित त्याने उलटं होतं.

घडवणं

टेप काढा. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी साबणासारखा निसरडा थर येतो. तो आधी पाण्याने धुऊन टाका, पेपरने घासला तर तोच माखत जातो. मग अर्धगोल कानशीने फुगवटा जवळजवळ पातळीला आणा. कानस भरलेल्या जागेवरच चालवा. इपॉक्सी कडक आहे आणि शेजारचं जुनं आवरण त्यापेक्षा मऊ. बोटांनी पेपर दाबून घासलं की मऊ भाग जास्त उतरतो आणि इपॉक्सी उंचवटा होऊन राहते. म्हणून ८० आणि १२० नंबरचा पेपर लाकडी पट्टीवर किंवा कडक रबरी ठोकळ्यावर गुंडाळून चालवा. गोलाई आणायला पेपरची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी फाडून, मागे टेप चिकटवून, बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी कड्यावर दोन्ही हातांनी ओढा. बोटांच्या खाचांना गोल कानस, आणि शेवटी पेन्सिलवर गुंडाळलेला पेपर.

मधून मधून पुठ्ठ्याचा साचा लावून बघा. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे डोळे मिटून अंगठा फिरवणं. डोळ्यांना भरलेल्या जागेचा वेगळा रंग दिसतो आणि तोच उंचवटा वाटतो, अंगठा फसत नाही. सुईएवढी भोकं दिसली तर टूथपिकने पातळ अ‍ॅराल्डाइट भरून आणखी एक दिवस द्या.

प्रायमर, मग थांबा

सगळं चाक २२० ने सारखं खरबरीत करा, अल्कोहोलने पुसा, इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ कोट द्या. दोन कोटांत पंधरा-वीस मिनिटं. पातळ, कारण जाड कोटातलं थिनर अ‍ॅसिटेटच्या आवरणात शिरतं आणि बारीक सुरकुत्या आणतं. चोवीस तासांनी ४०० च्या वॉटर पेपरने घासा. ओरखडे बुजवायला टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या, दोन भागांच्या) फिलर प्रायमरचे दोन कोट, पुन्हा सुकवणं, पुन्हा ४०० आणि मग ६००. घासायच्या आधी काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारा. घासून झाल्यावर जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा आहे.

आता रंग मारायचा मोह आवरा. प्रायमरमधलं चाक आठवडाभर दिवसा बंद गाडीत उन्हात आणि रात्री बाहेर ठेवा. इपॉक्सी आता पूर्ण पिकलेली असते, तिला ही गार-गरमची ओढाताण सोसायलाच हवी. जोड कच्चा राहिला असेल तर याच आठवड्यात राखाडी प्रायमरवर केसासारखी रेषा उमटते. ती दिसली तर खुशाल खाच पुन्हा सळीपर्यंत उघडा आणि तेवढीच भरा. रंगाखाली हीच रेषा आली असती तर सगळं चाक पुन्हा उतरवावं लागलं असतं.

रंग

स्टीअरिंगवरचा रंग इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त झिजतो. घाम, अंगठी, नखं, उन्हाने तापलेला तळवा. साधा सिंथेटिक इनॅमल महिनोन्महिने चिकट राहतो, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर घामाने मऊ पडतो. टू-के पीयू (पॉलीयुरेथेन) रंगच घ्या. रंग, हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्यावर असतं आणि ते प्रत्येक रंगाचं वेगळं, अंदाजाने मिसळू नका.

चाक हबमधून तारेने टांगा. आधी मागची बाजू आणि आऱ्यांचे कोपरे, मग कड्याची आतली कड, शेवटी समोरची बाजू. गनचं नोझल १.० ते १.३ मिलिमीटर, हवेचा दाब दोन बारच्या आसपास. पहिला कोट धुक्यासारखा, मग दोन भरीव, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. दमट दिवशी पीयूमध्ये बारीक बुडबुडे येतात, तेव्हा गन उचलूच नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे थोड्या वाफेनेही दम लागतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, वाफ अडवणारं काडतूस बसवलेला मास्कच हवा, आणि मोकळी हवा. ही सोय नसेल तर तयार चाक पेंटरच्या हाती द्या, पण "लांबी लावू नकोस, फक्त रंग मार" असं बजावून.

काळं चाक आरशासारखं चमकवू नका, दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब पडून डोळ्यांना त्रास होतो. अर्धी चमक पुरे. हस्तिदंती चाकाला शुद्ध पांढरा देऊ नका. मूळ रंग हॉर्नच्या बटणाखाली, जिथे ऊन पोचलेलं नाही, तिथे सापडतो. त्या टिकलीवरून रंग जुळवून घ्या.

परत बसवताना

रंगाला किमान सात दिवस द्या. मग स्प्लाइनवर पातळ ग्रीस, पंचाच्या खुणा समोरासमोर, इंडिकेटरची खुंटी तिच्या खोबणीत. जुना लॉक वॉशर पुन्हा वापरू नका. नट गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, आवळा, आणि तो आवळताना चाक हाताने धरा. स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवून अडवलं तर सगळा जोर स्टीअरिंग बॉक्सवर जातो. हॉर्नच्या पितळी कड्यावरचा रंग-प्रायमर खरवडून ती जागा उघडी करा. हॉर्न न वाजण्याचं निम्म्या वेळा एवढंच कारण निघतं.

बॅटरी जोडा. गाडी जागेवर असतानाच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, दर पाव फेरीला हॉर्न वाजवून बघा, दोन्ही इंडिकेटर लावून ते सुटतात का पाहा. मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून, सरळ जाताना आरे पूर्वीच्याच जागी येतात का ते बघा. तिरके आले तर चाक एक दाता सरकून बसलंय. अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आधी चाक काढून खुणा पुन्हा जुळवा. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर बटण काढून नट एकदा तपासा.

पहिले दोन महिने स्टीअरिंगवर रेक्झिनचं कव्हर चढवू नका. त्याखाली घाम कोंडतो आणि कोवळ्या पीयूवर त्याच्या टाक्यांचे ठसे कायमचे उमटतात.